शेंगोळ्यांचं पान

आत्यांच्या हातचं जेवताना "छान झालंय" म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर हातातली पळी पातेल्यात तशीच सोडून त्या उठायच्या आणि गोठ्यात जाऊन म्हशीपाशी उभ्या राहायच्या. जेवणारा पहिल्याच भाकरीवर अडकून पडायचा. एकदा त्यांचे धाकटे भाऊ आले होते. वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि म्हणाले, "आक्का, असली भाजी अख्ख्या तालुक्यात न्हाय." आत्यांनी पदर खोचला आणि गेल्या. मामा माझ्याकडं बघायला लागले. माझ्या लग्नाला तेव्हा आठवडाच झाला होता. मी आपली भाकरीची टोपली पुढं केली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. बावड्याच्या अलीकडं ओढ्याच्या कडेला आमची वस्ती आहे. मी वालचंदनगरची. वडील कंपनीत फिटर, त्यामुळं लहानपण क्वार्टरमध्ये गेलेलं. आत्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए कालनी, ताट आण." "कालनी, म्हशीला पाणी दाव." कॉलनीतली म्हणून कालनी. पहिले सहा महिने मला त्याचा राग यायचा. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली आणि तशी हाक मारणारं कुणी उरलं नाही.

नावं ठेवलेली मात्र त्यांना चालायची. "मीठ कमी पडलंय" म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. मग स्वतः मिठाचा डबा घेऊन ताटापाशी बसायच्या. दुसऱ्याच्या घरी लग्नाला गेल्या तरी कनवटीला मिठाची पुडी असायची आणि पंगतीत बसल्यावर ती खुशाल सोडायच्या. यजमानीण बघतेय, याची त्यांना काही पर्वा नसायची.

कुणाला काही शिकवायचं तर हात आखडता नव्हता. वस्तीवरच्या सुना पुरणासाठी, खरवसासाठी, बाळंतिणीच्या लाडवांसाठी त्यांनाच विचारायच्या. आत्या मोबाईल कानाला न लावता तोंडासमोर धरून ओरडायच्या, "डाळ बोटानं चेपती का? चेपती ना? मंग फोन ठिव की, हितं काय करतीस! करपंल!" मापं सगळी अंगावरची. पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत, मीठ तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं. मी एकदा वाटी किती म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तुझ्या घरची वाटी येगळी, माझ्या घरची येगळी. हात तर तुझा तुझ्यापाशीच हाय का न्हाय?"

फक्त शेंगोळे त्यांनी कुणाला शिकवले नाहीत.

शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या. आमच्या भागात थंडीत घरोघरी होतात. पण आमच्या घरच्या शेंगोळ्यांचं नाव पाहुण्यांत सगळीकडं होतं. कड्या रश्श्यात तासभर राहिल्या तरी फुटायच्या नाहीत आणि तोंडात टाकल्या की विरघळायच्या. थंडीत एकदा, फार तर दोनदा, तेही माझी नणंद बारामतीहून येऊन हट्ट धरायची तेव्हाच आत्या ते करायच्या. स्वयंपाकघराचं दार आतून लावून. आणि त्या दिवशी स्वतः दूधभाकरी खायच्या.

पहिल्या थंडीत मी त्या बंद दाराबाहेर बसून होते. घरची सून मी, आणि मलाच आत यायला मनाई. जेवताना मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, असले शेंगोळे मी जन्मात खाल्ले नाहीत." नवऱ्यानं खालून पाय मारला, पण बोलून झालं होतं. आत्या या वेळी गोठ्यात गेल्या नाहीत. माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "ते माजं न्हाय."

एवढंच. नणंदेनं लगेच पोरांच्या अभ्यासाचा विषय काढला. मला वाटलं, म्हातारीला विनय दाखवायची हीच रीत असेल.

शेजारच्या काकूंनी पुढं केव्हातरी सांगितलं, "आदी अशी नव्हती गं ती. आदी कौतुक ऐकाय मुद्दाम समोर बसायची. ती सांगवीची गेली, तिच्या माघारी हिचं ह्ये सुरू झालं."

सांगवीची म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. तिच्याबद्दल मला लग्नाआधी सांगितलं होतं, फसवणूक काही नव्हती. सहा वर्षं संसार झाला, पटलं नाही, कायदेशीर सोडचिठ्ठी झाली, असं. माझं वय तिशीला आलेलं, पत्रिकेत मंगळ. वडिलांनी जास्त विचारलं नाही आणि मीही नाही. घरात तिचा फोटो नव्हता, नाव कुणी घेत नव्हतं. काकूंकडूनच मला कळलं की न पटण्याचं खरं कारण मूल नव्हतं, हे होतं.

त्या दिवसापासून मी घरात दबकून वावरायला लागले. कारण मलाही मूल होत नव्हतं.

दोन वर्षं झाली, तिसरं लागलं. हळदीकुंकवाला बायका ओटी भरताना माझ्याकडं एक क्षण जास्त बघायच्या. नणंद फोनवर आत्यांना काही विचारायची आणि आत्या फटकन फोन ठेवून द्यायच्या. स्वतः त्यांनी माझ्यापाशी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटायची. दिवाळी जवळ आली की मी माहेरचा विषयच काढायची नाही, कारण काकूंनी हेही सांगितलं होतं: सांगवीचीला दिवाळीलाच माहेरी पाठवलं होतं. आत्यांनी स्वतः स्टँडवर जाऊन तिची पिशवी एसटीत ठेवली होती. नंतर तिला आणायला कुणी गेलंच नाही.

शेवटी मीच हट्ट धरला आणि आम्ही दोघं बारामतीला डॉक्टरांकडं गेलो. तपासण्या झाल्या, पुन्हा झाल्या. माझ्यात काही दोष नव्हता. दोष नवऱ्यात होता, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तो जन्मापासूनचा असावा. येताना गाडी त्यानं इंदापूरच्या पुढं एका बाभळीखाली थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण खोटं कशाला सांगू, माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि त्याची मला लाजही वाटत होती.

घरी आलो तेव्हा आत्या ओसरीत हुलगे निवडत होत्या. नवऱ्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. "आई, खोट माझ्यात हाय. हिच्यात न्हाय."

आत्यांचा हात सुपात फिरत राहिला. एक खडा काढला, फेकला. मग त्यांनी मान वर केली.

"मंग तिचं काय?" त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं आत जाऊन दार लावून घेतलं. आत्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता गोठ्यात जातील. त्या तिथंच बसून राहिल्या, म्हशीच्या धारेची वेळ टळून गेली तरी.

त्यानंतर दोन महिन्यांनी पुस्तकाचं प्रकरण निघालं. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नणंद हौशी. तिनं ठरवलं, पाहुण्यांना टॉवेल-टोपी देण्यापेक्षा घरच्या पदार्थांचं छोटं पुस्तक छापून द्यायचं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धडाधड पाककृती यायला लागल्या. कुणाची लापशी, कुणाचं माडगं, माझ्या आईचेही दोन पदार्थ. मुखपृष्ठावर आत्यांचा फोटो आणि पहिलं पान 'आईचे शेंगोळे'.

त्यासाठी ती रविवारी बारामतीहून आली. सोबत वजनकाटा आणि मोबाईलचा स्टँड. ओट्यावर पीठ मांडलं आणि म्हणाली, "आई, चल. तू कर, मी मोजून लिहिते."

"मी सांगायची न्हाय."

"अगं, सगळ्या जगाला पुरण शिकवतीस, पोटच्या पोरीला शेंगोळे शिकवायला काय होतं? तू गेल्यावर आम्ही काय करायचं?"

"करू नका. त्याच्याबिगर कोण मरत न्हाय."

नणंदेचा आवाज चढला. तिनं माझ्याकडं बोट केलं. "मला माहितीय. हिला एकटीला द्यायचंय. हिनंच भरवलं असणार काहीतरी."

"वन्सं, मला तर त्या दारात उभं करत नाहीत," मी म्हटलं. नवरा मधल्या दारात येऊन थांबला होता.

आत्यांनी काट्यावरची पिठाची वाटी उचलली आणि डब्यात पालथी केली.

"ते सांगवीचीचं हाय," त्या म्हणाल्या. "तिनं या घरात केलं. तुमी समद्यांनी खाल्लं. ती गेली, आन् दुसऱ्या सालापासनं तुमी म्हनाय लागला आईचं शेंगुळं, आईचं शेंगुळं. म्या गप ऱ्हायले. बरं वाटलं मला. तिला घालवली आन् तिच्या हातची चव तेवढी घरात ठिवून घेतली. छापायचं आसंल तर तिचं नाव घाल."

"आई!" नणंद ओरडली. "माझ्या पोरीच्या लग्नात तिचं नाव? व्याही काय म्हणतील?"

"मंग मी तिलाच जाऊन इचारते."

नवरा काही बोलेल म्हणून मी त्याच्याकडं पाहिलं. तो पाठमोरा होऊन अंगणात निघून गेला होता.

बुधवारी आत्या आणि मी सांगवीला निघालो. मलाच का नेताय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुला बगाय पायजे." इंदापूरला एसटी बदलली, बारामतीला बदलली. सगळ्या वाटेत त्या पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसून होत्या. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. ती मला बघून काय म्हणेल? दिसायला कशी असेल? तिच्या जागेवर मी बसलेय, हे मी आजवर कधी तिच्या बाजूनं पाहिलंच नव्हतं.

ती शाळेत होती. भावाच्या घरी राहत होती आणि शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवायचं काम करत होती. शेडमध्ये मोठ्या पातेल्यासमोर उभी, काटक बांधा, केसांत थोडी चांदी. आत्यांना पाहिलं आणि तिच्या हातातला झारा थांबला. मग तिनं तो पातेल्यात पुन्हा फिरवला.

"तुमी? काय काम काढलं?"

तिनं बसा म्हटलं नाही. आत्यांनीही बसायची जागा शोधली नाही.

"पोरी, तुझ्यात खोट नव्हती," आत्या म्हणाल्या. "पोराच्यात हाय. डाक्टरनं कागद दिलाय. ही त्याची बायकू. हिच्या म्होरं सांगते, म्हंजी उद्या मी पलटायला नगं."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, पण बराच वेळ. मग गॅस बारीक केला.

"कवा कळलं?"

"दोन म्हैनं झालं."

"आन् तवा? तवा मी म्हनत हुते, दोघं जाऊ डाक्टरकडं. तुमी म्हनला, आमच्या पोराला कशाला नेतीस, तुझं तू बग."

"म्हनले."

"गावदेवाला नवसं केली मी. उपास केलं. सहा वर्सं."

"व्हय."

आत्या एकेका गोष्टीला हो म्हणत गेल्या. एकदाही 'पर' म्हणाल्या नाहीत. तेवढ्यात तिचा भाऊ फाटकातून आला. कुणीतरी जाऊन सांगितलं असावं. आला तो ओरडतच. "हितं पाय ठिवायची हिंमत कशी झाली? निघा! आदी निघा हितनं!" तो आत्यांच्या अंगावर धावला. मी मध्ये शिरले, माझा खांदा त्याच्या छातीवर आपटला.

"दादा!" ती म्हणाली. "पोरं बगत्यात. थांब."

वर्गांच्या खिडक्यांत खरंच डोकी दिसत होती. भाऊ थांबला, पण दारातून हलला नाही.

मग आत्यांनी पुस्तकाचं सांगितलं. शेंगोळे तिचे आहेत, तिच्या नावानं छापायचे आहेत, ती हो म्हणाली तरच.

ती हसली. ते हसू बघवत नव्हतं. "माजं नाव? तुमच्या पुस्तकात?" तिनं पदरानं मान पुसली. "न्हाय. नाव बी नगं आन् शेंगुळं बी नगं. आमच्या आईनं मला दिलं, मी माज्या घरात दिलं. त्ये घर माजं ऱ्हायलं न्हाय. मंग त्यातलं ह्ये तरी मला माघारी द्या."

आत्यांनी मान हलवली. "दिलं," त्या म्हणाल्या. "परत माज्या चुलीवर हुनार न्हाय."

निघताना ती फाटकापर्यंत आली नाही. मला मात्र तिनं हाक मारली, "अवं, ऐका." मी वळले. "तुमाला तरास देतात का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ती माझा चेहरा तपासत राहिली आणि मग पोरांच्या ताटल्या मांडायला वळली.

परतीच्या एसटीत आत्यांनी पहिल्यांदा माझा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती. बारामती येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. घरी आल्यावर नवऱ्याला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मध्येच म्हणाला, "ती बरी हाय का?" मी म्हटलं, "तूच जाऊन विचार." त्यावर आमच्यात पंधरा दिवस कामापुरतंच बोलणं झालं.

नणंदेला आत्यांनी फोन करून बजावलं, शेंगोळे छापायचे नाहीत. ती बरं म्हणाली.

लग्न बारामतीच्या एका कार्यालयात होतं. हळद आदल्या दिवशी झाली होती, अक्षता दुपारी पडायच्या होत्या. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पुस्तकांचे गठ्ठे दाराजवळच्या टेबलावर रचले होते. मुखपृष्ठावर आत्यांचा हसरा फोटो. मी एक उचलून पहिलं पान उघडलं. 'आईचे शेंगोळे'. नणंदेनं आठवणीतून, अंदाजानं लिहून छापले होते. मी पुस्तक मिटायच्या आत आत्यांनी पाहिलं. त्यांना फार वाचता येत नव्हतं, पण तेवढं त्यांनी वाचलं.

त्या खुर्ची ओढून टेबलापाशी बसल्या. पहिलं पुस्तक घेतलं, पान धरलं आणि टर्रकन फाडलं. दुसरं घेतलं. तिसरं. फाडलेली पानं मांडीवर.

नणंद शालू सावरत धावत आली. "आई, काय करतीस! लोक बघतायत!"

"बगू दे."

"अगं, माझ्या पोरीचं लग्न आहे आज! तिच्यासाठी माझ्या पोरीच्या लग्नात..."

"पोरीला माझा आशीर्वाद हाय. पान फाडल्यानं लगीन मोडत न्हाय." आत्यांचा हात थांबला नव्हता. "म्या शबुद दिलाय."

नणंद माझ्याकडं वळली. "वहिनी, थांबव तिला. तूच नेलीस ना सांगवीला?"

मी खुर्ची घेतली आणि आत्यांच्या शेजारी बसले. गठ्ठ्यातलं एक पुस्तक उचललं. पान नीट फाटावं म्हणून शिवणीपाशी बोट दाबून धरलं. भोवती माणसं जमायला लागली. वरपक्षाच्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "काय झालं हो? चुकीचं छापलंय का?"

नणंद घाईनं म्हणाली, "हो हो, छपाईची चूक झालीय."

"छपाईची न्हाय," मागून आवाज आला. माझा नवरा गर्दीतून पुढं आला होता. हातात नवरदेवासाठी आणलेला फेटा होता. तो त्यानं खुर्चीवर ठेवला. त्या बायकांकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हा पदार्थ माझ्या पहिल्या बायकोचा हाय. आईनं तिला छापू का म्हणून विचारलं, ती नको म्हणाली. तिला घालवली त्यात तिची काय चूक नव्हती. दोष माझ्यात होता."

सनईवाल्यानं मध्येच सूर थांबवला होता, तो पुन्हा लावला. नणंदेनं तोंडावर पदर घेतला.

नवऱ्यानं तिसरी खुर्ची ओढली आणि राहिलेला गठ्ठा आपल्याकडं घेतला. अक्षतांना अजून तासभर होता. आम्ही तिघं शेजारी शेजारी बसून पानं फाडत राहिलो.